बाराव्या नंबरची मॅच



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन वीकेंड रिलीजमध्ये गेले. दर शुक्रवारी संध्याकाळी ठरवायचं की ह्या शनिवारी लिहायचंच, आणि शनिवारी सकाळी फोन यायचा की काहीतरी पडलंय. असो. आज काही पडलेलं नाही (अजून तरी), चहा झालाय, आणि डोक्यात एक विषय बरेच दिवस घोळतोय. रग्बीचा आहे. थांबा, लगेच उठून जाऊ नका. शेवटी तो सांगली जिल्ह्यातल्या कबड्डीच्या मैदानावरच येऊन पोचतो.

सुरुवात क्रिकेटपासूनच करतो, म्हणजे सगळ्यांना बरं. ६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला १९ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल. आफ्रिकेने २४४ केलेले, आणि आपले ३२ वर ४ आउट. मग आपल्या बीडचा सचिन धस आला आणि त्याने ९६ मारले. उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी. आपण दोन विकेट आणि सात बॉल राखून जिंकलो. आठवतंय ना? मी त्या दिवशी ऑफिसात एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत स्कोअर लावून बसलो होतो.

आता गंमत ऐका. त्या दिवशी हरलेल्या अकरा जणांत रायली नॉर्टन नावाचा एक पोरगा होता. १९ जुलै २०२५ ला हाच पोरगा इटलीत रोव्हिगोच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेच्या २० वर्षांखालच्या रग्बी संघाचा कॅप्टन होता. न्यूझीलंडला त्यांनी २३-१५ असं हरवलं आणि कप उचलला. २०१२ नंतर पहिल्यांदा. म्हणजे दीड वर्षाच्या आत एका खेळात वर्ल्ड कपची सेमीफायनल हरलेला, आणि दुसऱ्या खेळात जगज्जेता.

मला हे कळलं ते एका कॉलवर. आमच्या क्लायंटची टीम केपटाऊनला बसते. सोमवारच्या कॉलला पहिली दहा मिनिटं त्यांच्याकडे फक्त तेच चाललं होतं. त्यातला एक जण मला म्हणाला, तुम्ही ज्याला बेनोनीला रडवलंत ना, तोच हा. मी म्हटलं, बघायला पाहिजे. त्या रात्री रेकॉर्डिंग शोधून फायनल बघितली. मग आधीच्या मॅचेस बघितल्या. मग ही स्पर्धा चालते कशी ते वाचत बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

ज्यांना रग्बीचं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंधरा-पंधरा जण, ऐंशी मिनिटं, लांबट बॉल. बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच पास द्यायचा. पुढे न्यायचा असेल तर घेऊन पळायचं, नाहीतर लाथ मारायची. समोरच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की पाच गुण, त्यावर किक बसली की आणखी दोन. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला धरून पाडायचं. कबड्डीत पकड बघितलेल्या माणसाला हा खेळ समजायला फार वेळ लागत नाही. मला तरी नाही लागला. आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात रग्बी खेळतात, आझाद मैदानाच्या बाजूने जाताना कधी बघितलं असेल. आणि २००७ मध्ये भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूटच्या आदिवासी पोरांनी लंडनला जाऊन १४ वर्षांखालची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. त्यावर 'जंगल क्राय' नावाचा सिनेमाही निघाला. पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय आहे ही २० वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा, आणि त्यातही तिची फायनल नाही. तिचा शेवटचा नंबर.

ही स्पर्धा २००८ मध्ये वेल्समध्ये सुरू झाली. त्याआधी १९ वर्षांखालची आणि २१ वर्षांखालची अशा दोन वेगळ्या स्पर्धा असायच्या, त्या बंद करून ही एकच काढली. पहिली दोन वर्षं १६ संघ होते. त्यात एकतर्फी मॅचेस फार झाल्या. २०१० पासून १२ संघ केले आणि ते २०२५ पर्यंत तसंच चाललं. पहिले चारही कप न्यूझीलंडने नेले. २०१२ ला आफ्रिकेने घरच्या मैदानावर त्यांना अडवलं. नंतर इंग्लंड, न्यूझीलंड, फ्रान्स असं आलटून पालटून.

मला आवडलं ते ह्या बारा संघांचं वेळापत्रक. चार-चारचे तीन गट. गटात प्रत्येकाच्या तीन मॅचेस. तिन्ही गटांतले पहिले आणि दुसऱ्या नंबरवाल्यांतला सगळ्यात चांगला असे चार जण सेमीफायनलला. आपल्याकडे अशा वेळी उरलेले आठ संघ बॅगा भरतात. इथे नाही. पुढचे चार जण पाचव्या ते आठव्या नंबरासाठी खेळायचे, त्यांचीही सेमीफायनल आणि फायनल. शेवटचे चार नवव्या ते बाराव्या नंबरासाठी, त्यांचंही तसंच. म्हणजे बाराच्या बारा संघ स्पर्धेच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच असायचे. चॅम्पियन पाच मॅच खेळायचा आणि बारावा आलेलाही पाचच मॅच खेळायचा. एकूण ३० मॅचेस.

ह्यात एक भानगड आहे. बरीच वर्षं नियम असा होता की बारावा येणारा संघ खालच्या पायरीवर जातो. खाली 'ट्रॉफी' नावाची दुसरी स्पर्धा असायची, तिथे जिंकणारा वर यायचा. त्यामुळे अकराव्या नंबरासाठीची मॅच, जिच्यात हरणारा बारावा ठरायचा, ती कधी कधी फायनलपेक्षा भयंकर व्हायची. २०१८ ला ही मॅच आयर्लंड आणि जपान ह्यांच्यात झाली. आयर्लंड! दोन वर्षांपूर्वी, २०१६ ला, फायनल खेळलेला संघ. तो त्या दिवशी कसाबसा जिंकून वाचला आणि जपान खाली गेला. तोच आयर्लंड २०२३ ला पुन्हा फायनलला.

आणि जपानचं बघा. २०१६ ला बारावे, खाली. २०१७ ला उरुग्वेमध्ये ट्रॉफी जिंकून वर. २०१८ ला बारावे, पुन्हा खाली. २०१९ ला ब्राझीलमध्ये पोर्तुगालला ३५-३४ असं एका गुणाने हरवून पुन्हा वर. मग कोविड. आणि २०२३ ला पुन्हा बारावे. आमच्या सोसायटीची लिफ्ट सुद्धा इतक्या वेळा खाली-वर करत नाही. :-)

आता माझा पहिला मुद्दा. आपल्याला वाटतं की स्पर्धा म्हणजे सगळ्यात चांगला कोण ते शोधणं. मोठ्या माणसांच्या स्पर्धेचं ते बरोबर आहे. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या स्पर्धेचं काम तेवढंच नसतं. कोण कसा आहे हे त्याचं त्याला कळणं, हेही काम असतं. आणि ते एका मॅचमध्ये कळत नाही.

२०१६ ची ही स्पर्धा मँचेस्टरला होती. फ्रान्सचा संघ गटातच मागे पडला आणि शेवटच्या चौघांत गेला. बाद पद्धत असती तर 'फ्रान्स बाहेर' अशी एक ओळ छापून आली असती आणि विषय संपला असता. पण ते राहिले, उरलेल्या मॅचेस खेळले, जॉर्जियाला हरवून नववे आले. नववे! त्या नवव्या आलेल्या संघात अँटवान ड्युपॉन्ट नावाचा पोरगा होता. रग्बीवाल्यांना पुढचं सांगायला नको. २०२१ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सात जणांच्या रग्बीत सुवर्णपदक. मी असं म्हणत नाही की नवव्या नंबराच्या मॅचमुळे तो घडला. तसा माणूस कुठूनही वर आला असता. पण त्याच संघात वीस-पंचवीस पोरं आणखी होती, ज्यांची नावं मला किंवा तुम्हाला माहीत नाहीत. त्यांनाही पाच मॅच मिळाल्या. मला त्यांचं महत्त्व जास्त वाटतं.

आणि नववा आलेला देश पुढे काय करतो? फ्रान्सने दोनच वर्षांनी, २०१८ ला, हीच स्पर्धा जिंकली. २०१९ ला पुन्हा. मध्ये तीन वर्षं कोविडमुळे झाली नाही, आणि २०२३ ला झाली तेव्हा पुन्हा तेच. दहावा आलेला जॉर्जिया त्या वर्षी पहिल्यांदाच वर आला होता, तो नंतर खाली गेला नाही. पुढच्याच वर्षी स्पर्धा त्यांच्याकडे झाली.

आता सांगलीकडे येतो.

माझा मावसभाऊ अकरावीला आहे. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात, पण आता तो माझ्यापेक्षा उंच आहे. कबड्डी खेळतो, डावा कोपरा. पकड चांगली आहे, हे मी भाऊ म्हणून नाही सांगत, गावातली म्हातारी खेळाडू मंडळी सांगतात. ह्या वेळी त्यांच्या कॉलेजचा संघ जिल्ह्याला गेला. त्यासाठी पोरांनी जूनपासून पहाटे पाचला उठून प्रॅक्टिस केली. पावसात, टॉर्च लावून. जिल्ह्याला गेले, पहिल्या फेरीत गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी गाठ पडली, दोन गुणांनी हरले. शेवटच्या मिनिटाला बारक्याने चढाईपटूचा पाय धरला होता, पण त्याने रेषेला बोट लावलं. झालं. सकाळी साडेदहाला मॅच सुरू झाली, साडेअकराला संपली, दीडच्या एसटीने पोरं घरी. जूनपासूनची पहाट, आणि हिशोब एक तासाचा.

त्या रात्री मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, मला फोन आला. "अरे, तू जरा समजाव त्याला. आता दीड वर्ष राहिलंय सीईटीला. खेळून बघितलं, झालं. आता पुस्तक धर म्हणावं. तुझं ऐकतो तो." आणि दहा मिनिटांनी बारक्याचा मेसेज. "दादा, बाबांना सांग ना. अजून एक वर्ष खेळतो. तुझं ऐकतात ते."

दोघांनाही वाटतंय की दुसरा माझं ऐकतो. मला वाटतं दोघेही ऐकत नाहीत. पण बोलावं तर लागणारच होतं.

बोलायच्या आधी एक गोष्ट कबूल करतो, ती इथे कधी लिहिली नव्हती. मीही खेळायचो. उजवा कोपरा. दहावीपर्यंत. मोठ्या स्पर्धा तीन खेळलो आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर. एकदा तर समोरचा संघ पुढे जिंकत जिंकत विभागाला गेला. अकरावीला क्लास लागला, दप्तर जड झालं आणि खेळ सुटला. कोणी जबरदस्ती केली नाही, मीच सोडला. कारण मला वाटलं आपल्यात दम नाही. आज, इंजिनिअर म्हणून विचार केला तर हसू येतं. मी वाईट खेळाडू होतो की बरा होतो हे मला आजही माहीत नाही. माझ्याकडे डेटाच नाही. तीन मॅच! तीन मॅचवरून मी ऑफिसात एका बटणाचा रंग बदलू देणार नाही कोणाला. आणि स्वतःबद्दल एवढा मोठा निर्णय घेऊन टाकला.

साधं गणित करा. बाद पद्धतीत जितके संघ, त्याहून एक कमी मॅच. ३२ संघ असतील तर ३१ मॅच. त्यातले १६ संघ एकच मॅच खेळून घरी, आठ संघ दोन मॅच खेळून. सरासरी काढली तर एका संघाला दोन सुद्धा मॅच येत नाहीत. म्हणजे आपण जिल्ह्यातली सगळी चांगली पोरं एका गावात गोळा करतो, त्यांची राहण्या-जेवण्याची सोय करतो, पंच बोलावतो, मैदान आखतो, आणि मग अर्ध्यांना तासाभरात परत पाठवतो. ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त खर्च केला त्याचाच सगळ्यात कमी उपयोग. असलं डिझाईन मी रिव्ह्यूला घेऊन गेलो तर मॅनेजर मला फाडून खाईल.

ह्यावर लोक काय म्हणतात तेही मला माहीत आहे. काका म्हणाले तेच. "अरे, त्यांच्याकडे पैसा आहे. आपल्याकडे एवढे दिवस मैदान कोण देणार? पोरांची शाळा बुडते त्याचं काय?" मुद्दा खोटा नाही. इटलीत ती स्पर्धा तीन आठवडे चालते, आपली दोन दिवसांत उरकावी लागते. पण मी तीन आठवडे मागतच नाही. १६ संघ आहेत असं धरा. पहिल्या फेरीत आठ हरले. त्या आठ जणांच्या आपसात चार मॅच लावा, बाजूच्या मैदानावर, मोठी फेरी चालू असतानाच. दोन मैदानं असतील तर दोन तासांचं काम. चार मॅच वाढल्या, आणि प्रत्येक संघाला निदान दोन मॅच मिळाल्या. बारक्याला तो रेषेला लागलेला हात घेऊन घरी जावं लागलं नसतं. दुपारी तीनला त्याने दुसऱ्या कोणाचा तरी पाय धरला असता. सुटला असता किंवा नसता. पण काहीतरी कळलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. जास्त मॅच म्हणजे अंगावर जास्त मार. रग्बी हा धडकेचा खेळ. २०२५ ला प्रत्येक संघाच्या पाच मॅच २१ दिवसांत झाल्या, मध्ये चार-चार दिवसांची विश्रांती. एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्याला मार लागला तर चार दिवस ही काही विश्रांती नव्हे. नवव्या नंबरासाठी एखाद्याचा गुडघा कायमचा जावा का? नाही जाऊ नये. शिवाय ह्या पोरांवर नियमांचे प्रयोगही होतात. २०२४ च्या स्पर्धेत रेड कार्ड मिळालं तर २० मिनिटांनी बदली खेळाडू आत घ्यायचा, आणि किक साठ सेकंदांत मारायची, असले नियम आधी ह्यांच्यावर तपासून बघितले. साठ सेकंदांचा नियम मग २०२५ पासून सगळीकडे लागू झाला. आमच्या भाषेत ही स्पर्धा म्हणजे स्टेजिंग सर्व्हर. मोठ्यांच्या मॅचमध्ये काही मोडायला नको म्हणून आधी इथे चालवून बघायचं. मला हे पूर्ण पटत नाही. पोरं म्हणजे सर्व्हर नव्हेत. पण ह्या शंकेचं उत्तर मोठा संघ नेणं, खेळाडू आलटून पालटून खेळवणं, डॉक्टर ठेवणं हे आहे. पोराला एका मॅचनंतर घरी पाठवणं हे नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि हा मला जपानच्या लिफ्टवरून सुचला.

बारावा आलेला संघ खाली जातो असं आपण म्हणतो. पण विचार करा, कोण खाली जातं? २० वर्षांखालचा संघ दर वर्षी बदलतो. जी पोरं शेवटची मॅच हरली त्यातली बरीचशी पुढच्या वर्षी वयात बसतच नाहीत. ती निघून जातात. खालच्या स्पर्धेत जातात ती त्यांच्या मागची पोरं, ज्यांनी काहीच हरलेलं नसतं. त्यांनी वर चढून दाखवायचं, आणि ती वर चढली की त्याचा फायदा त्यांच्याही मागच्यांना. २०१७ ला ज्या जपानी पोरांनी ट्रॉफी जिंकली, त्यातल्या कित्येकांना वरच्या स्पर्धेत खेळायलाच मिळालं नसेल. त्यांनी जागा कमावली ती दुसऱ्यांसाठी.

सुरुवातीला मला हा अन्याय वाटला. मग वाटलं, अरे, आपण रोज हेच तर करतो. आज मी जो कोड घाईत लिहून टाकतो त्याचा त्रास मला होत नाही, मी तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेलो असतो. तो त्रास दोन वर्षांनी आलेल्या नव्या पोराला होतो. आणि मी ज्या नीट लिहिलेल्या गोष्टींवर आज आरामात काम करतो त्या लिहिणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. आपण कधीच आपल्या एकट्याच्या नावावर खेळत नाही. नंबर मागच्यांना लागतो.

म्हणून मला ती बाराव्या नंबरची मॅच फायनलपेक्षा मोठी वाटते. फायनल जिंकणारा स्वतःसाठी कप उचलतो. अकराव्या नंबरासाठी जीव काढणारा पोरगा, ज्याला ना कप मिळणार ना पेपरात नाव, तो अशा पोरांसाठी पळतो ज्यांना तो कदाचित ओळखतही नाही. ह्यापेक्षा चांगलं शिक्षण विसाव्या वर्षी कुठल्या वर्गात मिळतं मला माहीत नाही. निदान माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत तरी मिळालं नाही.

मध्ये कोविडचं म्हटलं ना मी, ते पुन्हा आठवतं. २०२०, २०२१, २०२२. तीन वर्षं ही स्पर्धा झालीच नाही. त्या तीन वर्षांत विशीला पोचलेली काही पोरं अशी असणार की ज्यांना हा कप खेळायलाच मिळाला नाही. वय परत येत नाही. पंचविशीत माणूस पुन्हा परीक्षा देऊ शकतो, पुन्हा कोर्स करू शकतो, नोकरी बदलू शकतो. विसाव्या वर्षाखालचा संघ पुन्हा मिळत नाही. सीईटीबद्दल आपण असं बोलतो जणू ती एकदाच येते. खरं तर उलटं आहे. परीक्षा पुन्हा देता येते.

तर मी काकांना फोन लावला. रविवारी सकाळी, त्यांचा पेपर वाचून झाल्यावर. रग्बीचं काही बोललो नाही, ते म्हणाले असते ऑफिसात डोकं फिरलंय ह्याचं. नुसतं एवढं म्हटलं, "काका, त्याला पुढचं वर्ष खेळू द्या. तो चांगला आहे की नाही हे त्याला अजून माहीत नाही. मला माझं अजून माहीत नाही, म्हणून सांगतोय."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू खेळायचास, हे माझ्या लक्षातच नव्हतं." मी म्हटलं, "माझ्याही नव्हतं." मग म्हणाले, "तुझं बरं आहे रे, तू लागलास नोकरीला. ह्याचं नाही झालं तर तू येणार आहेस का निस्तरायला?" ह्याला उत्तर नाही. मी म्हटलं, गणित मी बघतो, दर शनिवार-रविवार फोनवर शिकवतो. ते म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही असतं, पण कधी कधी हो पण असतं.

बारक्याला मात्र मी वेगळं सांगितलं. म्हटलं, खेळायचं असेल तर एक काम कर. तुमच्याकडे दहावीची जी पोरं पुढच्या वर्षी कॉलेजच्या संघात येणार आहेत, त्यांना आत्तापासून पहाटे बरोबर घे. तुझी पकड त्यांना शिकव. तू बारावीनंतर निघून जाशील, संघ तिथेच राहणार. तो म्हणाला, "आणि मी शिकवलं आणि ते जिल्हा जिंकले, मी नसताना, तर?" मी म्हटलं, तर तू जिंकलास. त्याला ते पटलं नाही, सतरा वर्षांच्या पोराला पटणारही नाही. पण काल त्याने एक फोटो पाठवला. पहाटेचं मैदान, धुकं, एक टॉर्च, आणि त्याच्याबरोबर चार नवी पोरं. खाली लिहिलंय, "दादा, गणिताचं आज नको, उद्या."

म्हणजे काकांचं 'बघू' अजून तरी 'नाही' झालेलं नाही.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. त्या रग्बीवाल्यांनी ठरवलं की २०२६ पासून पुन्हा १६ संघ घ्यायचे, आणि यजमान जॉर्जिया. २०१० ला कमी केले होते, आता पुन्हा वाढवले. एकतर्फी मॅचेस पुन्हा होतील, लोक पुन्हा हसतील. होऊ देत. चार देशांच्या पोरांना आणखी मॅच मिळतील, एवढं मला पुरे आहे.

तुमच्यात कोणी शाळा-कॉलेजच्या स्पर्धा भरवणारे असाल, पंच असाल, सर असाल, तर त्या चार मॅचचं नक्की मनावर घ्या. दोन तास लागतात फक्त. आणि तुम्हीही असंच काही दोन-तीन मॅचवरून सोडून दिलं असेल तर मला जरूर कळवा, म्हणजे मी एकटाच नाही असं वाटेल.

चला, गणिताचा तास आहे. पुढच्या शनिवारी भेटू, काही पडलं नाही तर.